तीसेक मास्टर टेबलं, तीन सॉफ्टवेअर आणि एकच ग्रिड: म्हापशातल्या एका डिस्ट्रिब्युटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

पार्टी म्हापशाची. हॉटेलं, शॅक, गेस्ट हाउस यांना माल पुरवणारे डिस्ट्रिब्युटर, म्हणजे बटर, चीज, तूप यापासून ते रूममधल्या साबणाच्या वड्या आणि शाम्पूपर्यंत सगळं एकाच गाडीतून जातं. ऑफिस आणि एक गोदाम म्हापशात, दुसरं गोदाम वेर्ण्याला, सासष्टी आणि काणकोणच्या गाड्या तिथून सुटतात. ओळख पटेल असे तपशील बदललेत, बाकी घडलं तसंच लिहितोय.

यांची सॉफ्टवेअर तीन, डेटाबेस मात्र एकच, पोस्टग्रेस नावाचा. बिलिंग सगळ्यात जुनं, पीएचपी आणि जेक्वेरीवर, दिसायला बूटस्ट्रॅप ३ च्या जमान्यातलं पण चालतं, आणि काउंटरवरची मुलं माउसला हात न लावता त्यावर धडाधड बिलं काढतात. सेल्समनचं ऑर्डर अ‍ॅप नंतर आलं, ते व्ह्यू या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमध्ये. शिवाय रिपोर्टांची काही साधी एचटीएमएल पानं आहेत, ती मालक आणि अकाउंट्सच्या मॅडम सोडून कोणी उघडत नाही. या सगळ्याच्या खाली मास्टर टेबलं, म्हणजे बाकी व्यवहार ज्यांच्यावर टेकतात त्या मूळ याद्या, तीसेक: युनिट, एचएसएन (मालाच्या वर्गवारीचा कोड), कराचे दर, गावं, रूट, गाड्या, ड्रायव्हर, गिऱ्हाइकाचे प्रकार, उधारीची मुदत, माल परत येण्याची कारणं, असं बरंच.

आमची टीम छोटी. काम मिळालं ते सीझन संपल्यावर, कारण ऑक्टोबर ते मार्च या लोकांना श्वास घ्यायला वेळ नसतो, सॉफ्टवेअरमध्ये काही हलवायचं तर पावसाळ्यातच.

अडचण

तर मास्टरची अवस्था अशी की अर्ध्या टेबलांना स्क्रीनच नव्हती. नवीन गाडी आली, नवीन रूट टाकायचा, की व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, "रूट अ‍ॅड कर मरे", आणि आमच्यातला जो रिकामा असेल तो सर्व्हरवर जाऊन इन्सर्ट मारणार. पूर्वी हे चालून जायचं. पण ५ जानेवारी २०२३ ला मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि त्यानंतर मोरजी, मांद्रे, हरमल या पट्ट्यात यांची गिऱ्हाइकं वाढत गेली, पेडण्याचा एक रूट होता त्याचे तुकडे करावे लागले, मग परत तुकडे, आणि प्रत्येक वेळी आमच्या हातून.

ज्या टेबलांना स्क्रीन होती तिथे वेगळाच घोळ. प्रत्येक स्क्रीन वेगळ्या माणसाने वेगळ्या वर्षी लिहिलेली. एकीकडे डिलीट म्हणजे खरंच डिलीट, दुसरीकडे डिलीट म्हणजे फक्त फ्लॅग बदलतो, तिसरीकडे डिलीटचं बटण आहे पण दाबलं की पांढरं पान येतं. कोणी काय बदललं त्याची नोंद कुठेच नाही.

गावांच्या टेबलाचं उदाहरण बघा. गोव्यात केरी नावाची गावं एकाहून जास्त आहेत. पेडण्यात तेरेखोलच्या मुखाशी समुद्राकाठी एक, सत्तरीत अंजुणे धरणापाशी चोर्ला घाटाच्या पायथ्याला एक, फोंड्यात आणखी एक. टेबलात गावाच्या नावावर युनिक कन्स्ट्रेंट लावलेला, म्हणजे एक नाव एकदाच, त्यामुळे दुसरी केरी टाकता येईना, मग कोणीतरी पुढे टिंब देऊन टाकली, तिसऱ्या केरीला दोन टिंबं. डेटाबेस खूश. पुढे ऑर्डर अ‍ॅपच्या ड्रॉपडाउनमध्ये तिन्ही केऱ्या एकाखाली एक दिसायला लागल्या, टिंब काय मोबाइलवर दिसतंय, आणि समुद्राकाठच्या शॅकची चीजची पेटी सत्तरीच्या गाडीत चढली. एका टोकाचा माल दुसऱ्या टोकाला. गोदामातले काका त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हणजे मागणी वरवर साधी होती: आमची मास्टरं आम्हालाच सांभाळता येऊ देत, तुम्हाला फोन न करता. खालचे प्रश्न मात्र दोन. तिन्ही सॉफ्टवेअरमधून एकसारखं काहीतरी वापरता आलं पाहिजे, आणि ते वापरणाऱ्याच्या हातून डेटाची वाट लागता कामा नये.

पर्याय काय होते

सगळ्यात आळशी पर्याय म्हणजे अकाउंट्सच्या मॅडमना अ‍ॅडमिनरसारखं डेटाबेसचं टूल उघडून द्यायचं. हा विचार खरंच झाला, कारण तो त्याच दिवशी संपणारा होता. पण त्या टूलला टेबल दिसतं, धंदा दिसत नाही, आणि एका चुकीच्या क्लिकने बिलांच्या टेबलावरही हात फिरतो. लगेच सोडला.

दुसरा पर्याय रेडीमेड अ‍ॅडमिनचा, जँगो अ‍ॅडमिनसारखा. स्पष्ट सांगतो, यांचं एकच अ‍ॅप्लिकेशन असतं तर मी तोच घेतला असता आणि हे प्रकरण इथेच संपलं असतं. जँगो २००५ पासून हे काम करतंय, लुकअप (दुसऱ्या टेबलातून निवड करायची यादी), हिस्टरी, परमिशन सगळं तयार मिळतं. अडलं ते यावर, की काउंटरवरच्या मुलाला बिल करता करताच नवीन गिऱ्हाइकाचा प्रकार टाकायचा असतो, त्याला दुसऱ्या पानावर दुसऱ्या लॉगिनने पाठवलं तर तो तिथे जाणारच नाही, तो "इतर" निवडून मोकळा होणार.

लो-कोड टूलचे, म्हणजे फारसा कोड न लिहिता स्क्रीन बनवून देणाऱ्या टूलचे, दर माणशी महिन्याचे असतात आणि मालकांना दर महिन्याचं बिल नको होतं, त्यावर जास्त चर्चा झाली नाही. पैसे देऊन घ्यायचा तयार ग्रिड, म्हणजे ओळी-रकान्यांचा बदलता येणारा तक्ता, बघितला, पण तो दिसण्याचा भाग सोडवतो, नियमांचा नाही.

खरी चुरस शेवटच्या दोनांत होती. एक, कोड जनरेटर: टेबल दिलं की त्याची स्क्रीन तयार करून फाइलमध्ये ओतायची. टीममधल्या एकाचा यावर फार जीव होता. पण जनरेट झालेल्या स्क्रीनमध्ये पहिल्याच आठवड्यात कोणीतरी हाताने बदल करतो, मग परत जनरेट करता येत नाही, आणि वर्षभरात तीस स्क्रीन तीस दिशांना. जुन्या बिलिंगमधल्या स्क्रीनही बहुतेक अशाच जन्मल्या असाव्यात, त्यांच्यातलं कॉपी-पेस्ट बघून तरी तसंच वाटलं. दोन, वेब कंपोनंट: एकच कस्टम एलिमेंट, म्हणजे आपण बनवलेला एचटीएमएल टॅग, कुठल्याही पानावर टॅग टाकला की चालू, मग ते पान जेक्वेरीचं असो की व्ह्यूचं. ब्राउझरमध्ये हे आता पक्कं आहे, फायरफॉक्समध्ये २०१८ पासून आणि एजमध्ये २०२० च्या क्रोमियम आवृत्तीपासून, त्यामुळे काउंटरवरच्या जुन्या मशीनची भीती उरली नव्हती. हा ठरला.

बांधणी

एलिमेंटच्या नावात हायफन लागतोच, आम्ही ठेवलं मास्टर-ग्रिड. आतलं लिहायला लिट ही लायब्ररी घेतली, कारण प्रत्येक बदलाला डॉम (पानाची ब्राउझरमधली रचना) हाताने रंगवत बसण्यात काही पुरुषार्थ नाही. टॅगला अ‍ॅट्रिब्यूट दोनच: कुठलं मास्टर, आणि फक्त बघायचंय की बदलायचंय. बाकीचं सर्व्हर सांगणार.

सर्व्हर काय सांगणार यावर बराच खल झाला. एक बाजू म्हणाली इन्फर्मेशन स्कीमामधून, म्हणजे डेटाबेस स्वतःच्या टेबलांची जी माहिती ठेवतो तिच्यातून, कॉलम, त्याचा टाइप, लांबी, नल (किंमतच नसणं) चालतो की नाही, फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) कुठे जाते हे सगळं वाचता येतं, मग हाताने काही लिहायचंच कशाला. दुसरी बाजू म्हणाली की स्कीमाला केरीचं दुखणं माहीत नाही. दुसरी बाजू बरोबर होती. फॉरेन की एवढंच सांगते की हा आकडा गावांच्या टेबलातला आहे, माणसाला तो कसा दाखवायचा ते सांगत नाही. म्हणून मधला रस्ता: टाइप, लांबी आणि नल स्कीमामधून, आणि लेबल, क्रम, लुकअपमध्ये काय दाखवायचं हे एका छोट्या फाइलमध्ये हाताने. गावाच्या बाबतीत त्या फाइलमध्ये लिहिलं की नाव, स्वल्पविराम, तालुका. ड्रॉपडाउनमध्ये आता "केरी, पेडणे" आणि "केरी, सत्तरी" येतं. युनिक कन्स्ट्रेंट नाव आणि तालुका मिळून केला आणि टिंबं पुसली.

त्याच फाइलने आणखी एक काम केलं. ज्या मास्टरचं नाव फाइलमध्ये नाही ते सर्व्हर देतच नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण टेबलाचं नाव यूआरएलमधून येतं आणि एसक्यूएलमध्ये टेबलाचं नाव पॅरामीटर म्हणून बांधता येत नाही, ते वाक्यातच जोडावं लागतं, आणि तिथे कोणी भलतंच काही पाठवलं तर गेलं. म्हणून यूआरएलमधलं नाव थेट क्वेरीत कधीच जात नाही, फाइलमध्ये शोधायचं, सापडलं तर फाइलमधलं नाव वापरायचं. परमिशनही तिथेच तपासायची. ग्रिडमध्ये बटण लपवणं म्हणजे सुरक्षा नव्हे.

सेव्ह कोणी करायचं हाही एक वाद. कंपोनंट निर्मळ ठेवायचा, त्याने फक्त इव्हेंट फेकायचा आणि सेव्ह पानाने करायचं, असं पुस्तकी मत. पण मग तीन ठिकाणी तीनदा तोच फेच, म्हणजे सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारा कोड, लिहिणार. उलट कंपोनंटनेच सगळं केलं तर लॉगिनचं काय, बिलिंग सेशन कुकीवर चालतं आणि ऑर्डर अ‍ॅप हेडरमध्ये टोकन पाठवतं. शेवटी रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन बाहेरून प्रॉपर्टी म्हणून देता येईल असं केलं, न दिल्यास साधा फेच. बाकी सेव्ह, एरर, परत लोड हे सगळं आत.

आता बारीकसारीक गोष्टी, आणि खरं सांगायचं तर कंपोनंटचा जीव यातच आहे.

दराच्या खान्याला नंबर टाइपचा इनपुट दिला होता. मॅडमनी दर टाकला, खाली बघायला माउसचं चाक फिरवलं, आणि कर्सर त्याच खान्यात असल्यामुळे १८ चे १७ झाले. कोणाला कळलंही नाही, टेस्टिंगमध्ये मागे उभा असलेल्या पोराने बघितलं म्हणून. तेव्हापासून ग्रिडमध्ये आकड्यांना टेक्स्ट इनपुटच, मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड यावा म्हणून इनपुटमोड डेसिमल. दर सर्व्हरपासून स्क्रीनपर्यंत स्ट्रिंग म्हणूनच जातो, मध्ये कुठे फ्लोट (अंदाजे साठवलेला दशांश आकडा) होऊ द्यायचा नाही.

रिकामा खाना म्हणजे काय? गिऱ्हाइकाचा जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नंबर, पंधरा अक्षरांचा, युनिक. छोट्या शॅकवाल्यांकडे तो नसतो. खाना रिकामा सोडून सेव्ह केलं की जुनी स्क्रीन रिकामी स्ट्रिंग पाठवायची, पहिल्याला चालायचं, दुसऱ्या रिकाम्याला पोस्टग्रेस म्हणायचं डुप्लिकेट. म्हणून लोक शून्यं भरायचे, कोणी पंधरा शून्यं, कोणी पंधरा नऊ. ग्रिड आता रिकाम्याला नल पाठवतो आणि नल कितीही चालतात. याच कॉलमवर कोणीतरी सुचवलं की पहिले दोन आकडे ३० असलेच पाहिजेत असा चेक लावू, गोव्याचा कोड ३०. मॅडमनी तिथल्या तिथे थांबवलं, बांदा आणि सावंतवाडीची गिऱ्हाइकं आहेत, ती महाराष्ट्रात, त्यांचा कोड २७ आणि त्यांना आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा कर, लागतो. नियम डेव्हलपरने टेबलावर बसून ठरवला की असं होतं.

डिलीट सगळीकडे एकसारखं केलं. बटण दाबलं की डेटाबेस ठरवतो, कुठे वापरात असेल तर फॉरेन कीचा एरर येतो, पोस्टग्रेसमध्ये तो २३५०३, आणि ग्रिड साध्या भाषेत सांगतो की हे वापरात आहे, काढता येणार नाही, बंद करायचंय का. बंद केलेली ओळ नव्या एन्ट्रीच्या ड्रॉपडाउनमध्ये येत नाही. इथे एक सापळा आहे तो सांगून ठेवतो. जुन्या गिऱ्हाइकाला बंद झालेला रूट लावलेला असतो, त्याची ओळ एडिटला उघडली की ड्रॉपडाउनमध्ये तो रूट नाही, म्हणून खाना रिकामा दिसतो, आणि तुम्ही फक्त फोन नंबर बदलून सेव्ह केलं तरी रूट उडतो. उपाय असा की त्या ओळीवर आधीपासून असलेली किंमत, बंद असली तरी, यादीत दाखवायचीच, पुढे "बंद" लिहून. शिवाय सेव्ह करताना जे कॉलम बदललेत तेवढेच पाठवायचे.

म्हापसा आणि वेर्णा एकाच वेळी एकच ओळ उघडून बसतात, म्हणून प्रत्येक टेबलात व्हर्जनचा कॉलम घातला. आपण उघडल्यानंतर कोणी बदललं असेल तर सर्व्हर सेव्ह नाकारतो आणि ग्रिड दोन्ही किमती शेजारी दाखवतो. आणि कोणी काय बदललं ते ट्रिगरने (टेबल बदललं की डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड) एका ऑडिट टेबलात, जुनी ओळ जशीच्या तशी. हे स्क्रीनमध्ये न करता डेटाबेसमध्ये केलं, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या विनंतीवरून आम्ही मारलेले अपडेटही त्यात यायला हवे होते.

दराचं टेबल

सगळ्यात मोठा निर्णय कोडचा नव्हता. कराच्या दरांचं टेबल ग्रिडमध्ये घालायचं की नाही, हा होता.

जुन्या टेबलात एका एचएसएनला एक ओळ, त्यात दर. बदलला की तीच ओळ बदलायची. ग्रिडच्या दृष्टीने यात काही विशेष नाही, आणि मालक म्हणत होते की तेच तर हवंय, टाका आणि मोकळे व्हा. पण जुन्या बिलिंगमध्ये बिलाच्या ओळीवर दर लिहिलेला नसतो, फक्त कराची एकूण रक्कम असते, आणि माल परत आला की क्रेडिट नोट काढताना दर परत मास्टरमधून उचलला जातो. म्हणजे मास्टरमधला दर बदलला की मागच्या महिन्याच्या मालाची क्रेडिट नोट नव्या दराने निघणार. मालकांना हे पटायला वेळ लागला. "दर काय रोज बदलतात?" हा त्यांचा प्रश्न, आणि तोपर्यंतच्या अनुभवाने तो रास्तच होता.

शेवटी तडजोड झाली. दराचं टेबल ग्रिडमध्ये दिसेल पण फक्त बघायला. बदलायला वेगळी छोटी स्क्रीन, "नवा दर लागू करा": एचएसएन, दर, कधीपासून. ती एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जुन्या ओळीची मुदत संपवते आणि नवी ओळ घालते. एकाच एचएसएनच्या दोन ओळींच्या तारखा एकमेकांवर चढू नयेत म्हणून पोस्टग्रेसमध्येच डेटरेंजवर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावला, स्क्रीनवर विश्वास ठेवला नाही. आणि बिल असो की क्रेडिट नोट, दर शोधायचा तो मूळ व्यवहाराच्या तारखेने, आजच्या तारखेने नाही.

तारखेवरूनच एक बग टेस्टिंगमध्ये सापडला. ब्राउझरमध्ये निवडलेली तारीख म्हणजे आपल्याकडची मध्यरात्र, ती आयएसओ स्ट्रिंग करून पाठवली की यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साडेपाच तास मागे जाते, म्हणजे आदल्या दिवशीची संध्याकाळ. १ तारीख निवडली, टेबलात ३१. तारीख आता तारीख म्हणूनच जाते, तिच्यात वेळ येऊच द्यायची नाही.

लाइव्ह गेल्यावर

चवथीच्या आधी लाइव्ह गेलो. पहिलीच तक्रार काउंटरवरून: ग्रिडमध्ये गावाचं नाव टाइप करताना मध्येच नवीन बिल उघडतं. नेहमी नाही, कधीकधी. मग लक्षात आलं की नावात एन आला की उघडतं. बिलिंगच्या पानावर जुना शॉर्टकट होता, एन दाबला की नवीन बिल, पण कर्सर इनपुटमध्ये असेल तर नाही. आता ग्रिडचे इनपुट शॅडो डॉममध्ये, म्हणजे बाकी पानापासून झाकलेल्या वेगळ्या कप्प्यात, आणि शॅडो डॉममधला इव्हेंट बाहेर आला की त्याचं टार्गेट म्हणून आतला इनपुट दिसत नाही, बाहेरचा मास्टर-ग्रिड दिसतो. जुन्या कोडला वाटायचं कोणी इनपुटमध्ये नाहीच. दुरुस्ती दोन ओळींची, टार्गेटऐवजी कंपोज्ड पाथमधला, म्हणजे इव्हेंट ज्या घटकांतून गेला त्या यादीतला, पहिला घटक बघायचा. पण तीन तास गेले आणि त्या दिवशी काउंटरवर अर्धवट बिलांचा ढीग लागला.

यावर टीममध्ये परत चर्चा निघाली की शॅडो डॉम हवाच कशाला. काढून बघितला, आणि बूटस्ट्रॅप ३ ने ग्रिडचे इनपुट असे काही फुगवले की रात्रीत परत लावला. रंग आणि अक्षराचा आकार सीएसएस व्हेरिएबलमधून बाहेरून देता येतो, तेवढं पुरतं.

मग ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलची ५६ वी बैठक झाली आणि जाहीर झालं की नवे दर २२ सप्टेंबरपासून. १२ चा आणि २८ चा स्लॅब जवळपास गेला, मुख्य उरले ५ आणि १८. यांच्या मालाला तर हे थेट लागलं: बटर, तूप, चीज १२ वरून ५, साबणाच्या वड्या आणि शाम्पू १८ वरून ५, पॅकबंद पनीर ५ वरून शून्य. मालकांचा फोन आला, या वेळी "दर काय रोज बदलतात" नव्हतं, "आपलं ते तारखेचं चालतं ना?" होतं.

चाललं. दर आधीच भरून ठेवले, २२ तारखेला सकाळी काउंटर उघडलं आणि बिलं नव्या दराने निघाली, आणि त्याच आठवड्यात परत आलेल्या तुपाच्या क्रेडिट नोटा १२ नेच. फक्त ती छोटी स्क्रीन एका वेळी एकच एचएसएन घेत होती. मॅडमनी थोडे भरले, मग एक्सेल शीट आमच्याकडे पाठवलं आणि लिहिलं, "हे तुम्हीच घाला, मला जेवायचं पण आहे." स्क्रिप्टने घातले.

निकाल

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या "अ‍ॅड कर मरे" मेसेजचं प्रमाण फार कमी झालं, जे येतात ते आता टेबलात नवीन कॉलम हवा असे असतात. तीसपैकी बहुतेक टेबलं ग्रिडवर आहेत. ऑर्डर अ‍ॅपमध्ये तोच टॅग टाकायला व्ह्यूला एवढंच सांगावं लागलं की हा टॅग तुझा नाही, सोडून दे. रिपोर्टांच्या पानांवर तो फक्त-बघा अवस्थेत आहे आणि मॅडम त्यातून कॉपी करून एक्सेलमध्ये नेतात, ते थांबवायचा प्रयत्न कोणी करत नाही.

सगळंच सरळ झालं असं नाही. गिऱ्हाइकाच्या सवलतीचं टेबल मालकांच्या आग्रहाने साध्या ग्रिडमध्येच राहिलं होतं, तारखेशिवाय. ऑक्टोबरमध्ये सीझनच्या सवलती बदलल्या आणि सप्टेंबरच्या मालाच्या क्रेडिट नोटा नव्या सवलतीने निघाल्या, कराच्या बाबतीत जी भीती होती तीच इथे खरी झाली. ऑडिट टेबलात जुन्या ओळी होत्या म्हणून निस्तरता आलं, नाहीतर गिऱ्हाइकागणिक भांडण होतं.

पुन्हा करायचं तर

कोडला हात लावण्याआधी मालक, मॅडम आणि काका यांना एकत्र बसवून टेबलांचे दोन ढीग करायला हवेत. एका ढिगात बदललं तर मागचं काही बिघडत नाही अशी टेबलं, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा फोन. दुसऱ्यात ज्यांच्यावरून पैशाचा हिशोब निघतो अशी. दुसरा ढीग ग्रिडच्या वाटेला जाता कामा नये. आमच्याकडे ही वाटणी एकेका टेबलावर भांडत झाली, आणि ज्या टेबलावर भांडण झालं नाही तेच निसटलं.

दुसरं, बिलाच्या ओळीवर त्या दिवशीचा दर आणि सवलत उतरवून ठेवणं. हे ग्रिडच्या आधी करण्यासारखं काम होतं. जुन्या बिलिंगला हात लावायला सगळे घाबरत होते, भीतीही खोटी नव्हती, पण ते झालं असतं तर सवलतीचा घोळ झालाच नसता. आता ते काम येत्या पावसाळ्याच्या यादीत आहे.

तिसरं म्हणजे एक्सेलमधून पेस्ट. ग्रिड म्हटलं की लोकांना एक्सेल दिसतं, आणि पन्नास ओळी एकदम चिकटवायच्या असतात. सुरुवातीला नाही म्हटलं ते ठीक होतं, कारण पेस्टमध्ये अर्ध्या ओळी बरोबर आणि अर्ध्या चूक निघाल्या तर काय, याचं उत्तर नव्हतं. आता जे ठरलंय ते असं की आधी सगळ्या ओळी तपासायच्या, चुकलेल्या लाल करून दाखवायच्या, आणि एकही चूक असेल तर काहीच सेव्ह करायचं नाही. अर्धवट आत गेलेल्या यादीपेक्षा न गेलेली बरी, हे मॅडमचंच म्हणणं.

आणि हल्ली नवीन मागणी आलीये, ड्रायव्हरांच्या उचलीचं टेबल याच ग्रिडमध्ये घाला, बाकी सगळं आहेच तर. उचल म्हणजे पैशाचा व्यवहार, ती खोडता येता कामा नये, चुकली तर उलटी नोंद करायची असते. ती ग्रिडमध्ये जाणार नाही, तिची वेगळी स्क्रीन लिहायला घेतलीये आणि मालकांना तसं कळवलंय.